'सारखंच असतं' : फास्टर फेणेच्या वाचकांची मतं



एखादी मालिका वीस-पंचवीस वर्षं चालली की तिच्याबद्दलची काही वाक्यं ठरून जातात. 'पहिली पुस्तकं छान होती, नंतर पाणी घातलंय.' 'सगळं सारखंच असतं.' 'लहानपणी वाचलं, आता काय वाचायचं त्यात?' तुम्हीही यातलं एखादं म्हणाला असाल. यातलं एकही वाक्य खोटं नाही, पण त्यावरून पुस्तकाचं फारसं काही कळतही नाही. मी होमिओपॅथीचा डॉक्टर. पेशंट 'डोकं दुखतं' म्हणाला की आम्ही विचारत सुटतो. कुठली बाजू, सकाळी की संध्याकाळी, उन्हाने वाढतं की उपाशी राहिल्याने, पडल्यावर बरं वाटतं की फिरल्यावर. पेशंट कंटाळतो, बाहेर बसलेले त्याहून कंटाळतात. पण नुसत्या 'डोकं दुखतं'वर पुढे जाता येत नाही. वाचकाच्या मतालाही असे प्रश्न विचारून पाहावेत, एवढंच मी या व्याख्यानात करणार आहे. त्यासाठी मालिका घेतली आहे भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची.

ज्यांनी तो वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बनेश फेणे हा पुण्याजवळच्या फुरसुंगीचा मुलगा. पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो. अंगाने काडी, पण सायकलवर बसला की वारा. नवल वाटलं की तोंडाने 'ट्टॉक' असा आवाज काढतो. जाईल तिथे काहीतरी गूढ त्याची वाट पाहत असतं आणि ते गूढ उकलताना आपली हसून पुरेवाट होते. सोबत मित्र सुभाष देसाई आणि नात्यातली बहीण माली. भागवतांचा जन्म 1910 चा, इंदूरचा. ज्यूल व्हर्न मराठी मुलांपर्यंत आणला तो त्यांनीच, आणि 'बालमित्र' मासिकही त्यांचंच. 2001 साली ते गेले. 'गुलमर्गचे गूढ', 'प्रतापगडावर फास्टर फेणे', 'जंगलपटात फास्टर फेणे', 'विमानचोर विरुद्ध फास्टर फेणे' अशी नावं नुसती वाचली तरी पोरगा किती फिरला ते कळतं. इतकं फिरूनही तो शाळेतच राहिला. पास झाला, नापास झाला, पण मोठा झाला नाही.

आता ही मतं माझ्याकडे आली कुठून ते सांगतो. केस घ्यायला मला वेळ लागतो, म्हणून बाहेरच्या बाकाखाली मी पुस्तकांचा एक खोका ठेवला आहे. त्यात फेणे आहे, चांदोबाचे जुने अंक आहेत, बाबूराव अर्नाळकरांच्या फाटक्या रहस्यकथा आहेत. खोक्यात एक दोनशे पानी वही आहे. पुस्तक वाचलं तर काय वाटलं ते त्यात लिहा, एवढीच अट. इचोड्याचा हा दवाखाना हमरस्त्यापासून लांब नाही. आदिलाबाद आणि निर्मलच्या मध्ये कुठेही दुखलं-खुपलं तर लोक उतरतात. म्हणून वहीत गावातल्यांबरोबर येणाऱ्या-जाणाऱ्यांचंही लिहिलेलं आहे. मराठी, हिंदी, तेलुगू, आणि पोरांची इंग्रजी.

वही चाळताना पहिली गोष्ट लक्षात येते ती वयाची. 'सारखंच असतं' ही तक्रार चाळिशीच्या पुढचे लोक करतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाने ती केलेली मला आठवत नाही. उलट एका सहावीतल्या मुलाने लिहिलं आहे, 'पुढच्या पुस्तकात पण सायकल आहे ना? नसेल तर नको.' वाक्य एकच, पण मोठ्याला ज्याचा कंटाळा येतो तेच या पोराला हवं आहे. गोष्ट कुठे जाणार हे ठाऊक असेल तर वाटेतले अवघड शब्द त्याला घाबरवत नाहीत. फेणे सापडणार, अडकणार, सुटणार. मग 'भामटा' म्हणजे काय ते पुढच्या दोन ओळींत आपोआप कळतं. जिन्याला कठडा असावा तसं हे सारखेपण. ज्याचे पाय पक्के आहेत त्याला कठडा अडचणीचा वाटतो, यात त्याचंही चुकत नाही.

हे आमच्या भागात जास्त महत्त्वाचं आहे. आदिलाबाद जिल्हा 1956 पर्यंत मराठवाड्याबरोबर हैदराबाद संस्थानात आणि नंतर हैदराबाद राज्यात होता. पुढे आंध्र झाला, 2014 मध्ये तेलंगणा. घरोघरी मराठी बोलली जाते, पण वाचायची सवय शाळेतून येते, आणि शाळा आता बहुतेकांची इंग्रजी माध्यमाची. तेलुगू 2018 च्या कायद्याने सक्तीची झाली आहे, आणि ते योग्यच आहे. इथे राहायचं तर तेलुगू आलीच पाहिजे. मराठी राहते ती आजीच्या तोंडात आणि लग्नपत्रिकेत. तरी आमच्या मुलांना देवनागरी येते, कारण शाळेत हिंदी असते. म्हणजे मराठी पुस्तक उघडल्यावर अक्षरं ओळखीची निघतात. अडतं ते 'ळ'पाशी. हिंदीच्या पुस्तकात 'ळ' नाही. पण तेलुगूत हा उच्चार आहे, त्याला स्वतंत्र अक्षरही आहे, आणि 'पेळ्ळि' म्हणजे लग्न हा शब्द इथलं तीन वर्षांचं पोरही म्हणतं. 'बाळा, हा पेळ्ळीतला ळ,' एवढं सांगितलं की गाडी सुटते. मग त्या मुलाच्या हातात काय द्यायचं? श्यामची आई द्यावी असं सगळे सांगतात. मीही देतो. पण पहिलं म्हणून नाही. पहिल्या पुस्तकाने पोराला पान उलटायला लावलं पाहिजे, आणि ते काम गूढ करतं. विनोदाचं काम वेगळं. एखादा शब्द अडला तरी हसू येतं आणि आपल्याला सगळं कळलं असं मुलाला वाटतं. हे वाटणं फार उपयोगाचं असतं.

दुसरी तक्रार 'पहिल्यासारखी मजा नाही' ही. ती जगातल्या प्रत्येक मालिकेच्या वाट्याला आली आहे. आर्थर कॉनन डॉइलने 1893 मध्ये शेरलॉक होम्सला दरीत ढकललं आणि दहा वर्षांनी परत आणलं, तेव्हापासून वाचक म्हणत आले की परत आला तो पूर्वीचा होम्स नव्हे. पण या तक्रारीला खरं उत्तर दिलं ते सत्यजित रे यांनी. त्यांचा फेलुदा 1965 मध्ये 'संदेश' या मुलांच्या मासिकात सुरू झाला. पुढे 1971 च्या 'सोनार केल्ला'त जटायू आला, म्हणजे रहस्यकथा लिहिणारे लालमोहन गांगुली, आणि मालिकेत हसू आलं. अशोक जैन यांच्या अनुवादामुळे फेलुदा आता मराठीतही आहे. शेवटच्या काळातल्या 'नयन रहस्य' या कथेच्या सुरुवातीलाच रे यांनी काय केलं पाहा. फेलुदा उदास बसला आहे. कारण वाचकांची पत्रं. पूर्वीसारखा थरार नाही, जटायू आता हसवत नाही, अशी पत्रांवर पत्रं. रे यांनी आपल्या वाचकांची तक्रार उचलून गोष्टीत टाकली आणि तिथूनच पुढची गोष्ट सुरू केली. मुलांसाठी रहस्यकथा लिहिताना हात किती बांधलेले असतात, हेही त्यांनी लिहून ठेवलं आहे. प्रौढांच्या रहस्यकथेतली प्रेमाची भानगड घेता येत नाही, मारामारीही बेताचीच. त्यात पुन्हा मुलाच्या हातातलं पुस्तक आई-वडील वाचणार, आणि त्यांना साधं कोडं बालिश वाटणार. एकाच ताटात दोन वयांच्या माणसांना वाढायचं, मग कुणाला तरी तिखट होणार, कुणाला तरी अळणी.

हाताच्या या बांधलेपणाबद्दल आमच्याकडे एक मत वेगळंच आलं. आमच्या समाजातल्या एक वयस्कर काकू नातवाला घेऊन आल्या होत्या. पुस्तकात तोंड खुपसून बसलेल्या नातवाकडे बघून त्यांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, ह्याच्यात खून-बिन नाही ना?" मी सांगितलं, चोऱ्या आहेत, लबाड्या आहेत, पळवापळवी आहे. "मग चालंल," म्हणाल्या. त्यांनी पुस्तक पाहिलंही नाही, पण मला हे मत पुष्कळ समीक्षकांच्या मतापेक्षा नेमकं वाटलं. मेलेल्या माणसाशिवाय रहस्य उभं करणं आणि शेवटी बदमाशाची फजिती करून थांबणं ही भागवतांची खरी कमाई आहे. 2017 च्या चित्रपटाशी ताडून पाहिलं की हे लगेच दिसतं. आदित्य सरपोतदार यांनी तो दिग्दर्शित केला, अमेय वाघ फेणे झाला, दिलीप प्रभावळकर खुद्द भागवत झाले. चित्रपट चांगला चालला, मलाही आवडला. पण तिथे फेणे वयाने वाढलेला आहे, वैद्यकीय प्रवेश परीक्षेला आलेला आहे, आणि गोष्ट एका मुलाच्या मृत्यूपासून सुरू होते. त्याबद्दल वहीत दोन तऱ्हेची मतं आहेत. ज्यांनी आधी पुस्तकं वाचली ते म्हणतात, 'हा आमचा बन्या नाही.' ज्यांनी आधी चित्रपट पाहिला ते पुस्तक उघडून म्हणतात, 'हा तर लहान मुलगा आहे!' 1987 ची दूरदर्शनची मालिका पाहिलेल्यांच्या मनात सुमीत राघवनचाच चेहरा आहे, त्यांना दोन्ही पटत नाही. फेणे पहिल्यांदा कुठे भेटला ते विचारल्याशिवाय यातल्या एकाही मताचा अर्थ लागत नाही.

तक्रारी सगळ्या वयाच्या आणि सवयीच्या असतात असं मात्र नाही. काही खऱ्या दुखण्याच्या असतात, आणि त्या बहुधा कमी बोलणाऱ्यांकडून येतात. एका आठवीतल्या मुलीने वहीत दोन ओळी लिहिल्या आहेत. 'माली हुशार आहे. मग तिला एकटीला का नाही पाठवत?' यावर मी काय बोलणार? ज्या काळात ही पुस्तकं लिहिली गेली त्या काळाकडे बोट दाखवता येतं. पण ती मुलगी आज वाचते आहे, आणि तिची शंका बरोबर आहे. दुसरी तक्रार पुण्याची. भागवतांनी पुण्याच्या मुलासमोर बसून गोष्ट सांगावी तसं लिहिलं आहे. कुठला पूल, कुठली पेठ, कुठून कुठे सायकल वळली, हे ज्याला माहीत आहे त्याची मजा दुप्पट. इचोड्याच्या मुलाला पुणं हे हैदराबादपेक्षा परकं. 'फुरसुंगी खरं गाव आहे का अंकल?' असं मला पुष्कळदा विचारतात. आहे म्हटल्यावर त्यांना फार आनंद होतो, कारण इतकं मजेशीर नाव बनवलेलं असणार अशी त्यांची खात्री असते. आणि तिसरी गोष्ट म्हणजे योगायोग. फेणे खिडकीशी उभा राहिला की चोर नेमका त्याच खिडकीखाली बोलणार. मुलं हे पहिल्या चार पुस्तकांत खपवून घेतात. पाचव्याला एखादा जरा डोकेबाज मुलगा विचारतोच. त्या मुलाच्या हातात मी फेलुदा देतो. पोरगं पुढच्या इयत्तेत गेलं, एवढाच त्या तक्रारीचा अर्थ.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय घेतला तिच्याकडे येतो. आपल्या वाचनालयाच्या खरेदीच्या यादीतून ही मालिका 'हलकं वाचन' म्हणून दोनदा वगळली गेली आहे. वगळणाऱ्यांत माझे मित्र आहेत, एक निवृत्त गुरुजी आहेत, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पैसे थोडे आहेत, ते कसदार पुस्तकांवर जावेत असं त्यांना वाटतं. पण त्यांना मी एक विचारतो. तुम्ही स्वतः काय वाचत वाढलात? अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू. आपल्या पिढीने त्या भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचल्या आणि चारचौघांत नावं ठेवली. लपवून वाचलेल्याचं मत वहीत कुणी लिहीत नाही. गुरुजी दवाखान्यात आले की खोक्यातला अर्नाळकर काढतात आणि आत बोलावलं की पालथा घालून ठेवतात, हे कंपाउंडरने मला सांगितलं आहे. हे वाचून ते रागावणार नाहीत अशी आशा आहे.

कसदार पुस्तकं आपल्या कपाटात आहेतच, आणि काचेला कुलूप आहे. त्यांच्यापर्यंत पोचणारी मुलं कुठून येणार हा प्रश्न यादी करताना कुणी विचारलेला नाही. म्हणून माझी सूचना साधी आहे. फेणेचे दोन संच घ्यावेत. एक कपाटाबाहेर, उघड्या फळीवर, हरवेल फाटेल या हिशेबाने. फेलुदाचा अनुवादही एक संच. मुलांना पहिलं पुस्तक देताना क्रमाने देऊ नये. चित्रपट पाहिलेल्या मुलाला आधीच सांगावं की यातला फेणे तुझ्याहून लहान आहे. 'ळ'साठी फळीवर एक कागद चिकटवावा, तेलुगू अक्षराशेजारी मराठी अक्षर लिहून. आणि फळीला दोरीने एक वही बांधावी. वहीत लिहिणाऱ्याने नाव नाही लिहिलं तरी चालेल, पण वय लिहावं, आणि हे त्याचं कितवं पुस्तक तेही. माझ्या दवाखान्यातली वही ज्यांना पाहायची असेल त्यांनी संध्याकाळी सहानंतर यावं. सकाळी गर्दी असते, आणि वही बहुधा कुठल्यातरी पोराच्या हातात असते.