आई, पिलू आणि चौकट

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी प्राणिशास्त्रज्ञ नव्हे. नोकरीच्या निमित्ताने जबलपुरास आलो, इथलाच झालो आणि सुट्टी मिळाली की कॅमेरा घेऊन कान्हाच्या सालवनात जाऊ लागलो, एवढाच माझा अधिकार. वन्य प्राण्यांतील माता व पिले यांच्या छायाचित्रांची मांडणी आणि काटछाट हा आजचा विषय. त्याचा आरंभ माझ्याच एका चुकीपासून करतो.

१९८४ च्या उन्हाळ्यात कान्हाला मी एका वानरीचे छायाचित्र टिपले. तिच्या पोटाशी नवजात पिलू होते. काळसर अंग, गुलाबी चेहरा, मूठभर जीव! घरी अंधाऱ्या खोलीत एन्लार्जरखाली निगेटिव्ह धरली. चौकट ती केवढी, ३६ बाय २४ मिलिमीटर! तिच्या डाव्या कडेला आणखी एक वानरी अर्धवट दिसत होती. ती मला अडगळ वाटली. तो भाग मी काढून टाकला आणि चित्राला ‘मातृवात्सल्य’ असे नाव दिले. प्रदर्शनात चित्राचे कौतुक झाले. मीही सुखावलो.

पुढे सारा ब्लॅफर हर्डी यांचा अबूच्या वानरांवरील, १९७७ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ वाचनात आला. या काळतोंड्या वानरांत नवजात पिलू फार लवकर टोळीतील इतर माद्यांच्या हाती जाते. ज्यांना अद्याप पिलू झालेले नाही, अशा तरुण माद्या तर त्याला घेण्यास विशेष उत्सुक असतात. हे वाचले आणि जुनी निगेटिव्ह पुन्हा काढली. कापलेल्या भागातील वानरीचा हात पिलाकडे लांबलेला होता आणि तिचे स्तन पान्ह्याने भरलेले दिसत होते. बहुधा आई तीच होती. म्हणजे मी आईलाच चौकटीबाहेर घालवले होते आणि खाली ‘मातृवात्सल्य’ लिहिले होते!

तेव्हापासून मी काही पथ्ये पाळतो. पहिले असे की, चित्राच्या चारही कडा नीट वाचल्याखेरीज त्याला कात्री लावायची नाही. दुसरे, प्राण्याची नजर जिकडे असेल, तिकडे जागा सोडायची. पाडसाला पाजताना चितळाची मादी मान वर करून, कान टवकारून रानाकडे पाहत असते. चौकट फार आवळली, तर गोजिरे पाडस उरते, परंतु आईचा पहारा नाहीसा होतो. तिसरे, दोघांमधील अंतर राखायचे. वाघिणीचे बछडे सुमारे दोन वर्षे तिच्या आश्रयाने राहतात. वाघीण पुढे आणि बछडे मागे रेंगाळत चालले असतील, तर मधली मोकळी वाट हाच त्या चित्राचा विषय असतो. चौथे, खुरापाशी वा शेपटीच्या टोकापाशी चित्र तोडायचे नाही. कापायचेच असेल, तर खांद्यापाशी निःसंकोच कापावे.

याचा अर्थ काटछाट वाईट, असा मात्र नव्हे. लेकुरवाळ्या प्राण्याच्या बाबतीत तर ती उपकारकच ठरते. आपण जवळ गेलो की मादी पाजणे थांबवते आणि पिलासह आडोशाला जाते. म्हणून दुरून टिपावे आणि घरी कापावे. हल्लीच्या २४ मेगापिक्सेलच्या चित्राची लांबी व रुंदी निम्मी केली, तरी ६ मेगापिक्सेल उरतात. पुस्तकाच्या पानाला तेवढे पुरे होतात. कात्री पुढे सरकली तरी चालेल, गाडी सरकता कामा नये.

ते जुने चित्र मी पुन्हा अखंड छापून घेतले आहे. आता त्याचे नाव ‘दोघी’.

ते पाहताना मला आपले मंडळ आठवते. आजी, मावशी दूर गावी राहिलेल्या. अशा वेळी आमची मुले सांभाळली ती मंडळातल्या काकूंनीच. जुन्या समूहचित्रांत कोणाचे मूल कोणाच्या मांडीवर आहे, हे आज सांगणे कठीण! तेव्हा स्मरणिकेच्या संपादकांना एकच विनंती करून मी थांबतो. ती चित्रे छापताना पानात बसत नाहीत म्हणून कडेची माणसे कापू नका.