शांततेनें व निःशस्त्र
(ज्युबिलीनिमित्त झालेलें भाषण)



या मंगल प्रसंगीं आम्हीं प्रथम देवाचे आभार मानिले. आतां ज्या कायद्याच्या छायेखालीं आम्ही निर्भयपणें येथें जमलों, त्याचेंही स्मरण करणें उचित होईल.

भारतीय संविधानाचें २५ वें कलम प्रत्येकास धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतें. यांतील 'प्रसार' हा शब्द सहजासहजीं टिकला नाहीं. डिसेंबर १९४८ मध्यें घटनासमितींत त्यावर मोठा वाद झाला. तो गाळावा, असें कित्येकांचें म्हणणें पडलें. त्या वेळीं कन्हैयालाल मुनशी व टी. टी. कृष्णमाचारी या हिंदु सभासदांनीं तो राखण्याची बाजू मांडली. हे उपकार आम्हीं विसरूं नयेत. त्या हक्कास मर्यादाही आहे. प्रसार म्हणजे आपल्या धर्माचीं तत्त्वें समजावून सांगणें. दुसऱ्याचें धर्मांतर करविण्याचा हक्क त्यांत येत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं दिला.

१९ व्या कलमानें भाषणाचें व एकत्र जमण्याचें स्वातंत्र्य दिलें. मात्र जमावें तें शांततेनें व निःशस्त्र. या अटीचें मोल भिवंडीकरांस सांगावयास नको. ७ मे १९७० रोजीं शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळीं येथें दंगल उसळली. माणसें मेलीं, घरें व दुकानें जळालीं. न्यायमूर्ति मादन यांच्या आयोगानें तिची चौकशी केली. तरी १९८४ सालीं पुन्हां रक्त सांडलें. पुढें १९८८ सालीं येथें आलेले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनीं मोहल्ला समित्या स्थापिल्या. हिंदु व मुसलमान शेजारी एकत्र बसून एकमेकांचीं गाऱ्हाणीं ऐकूं लागले. १९९२-९३ सालीं मुंबई पेटली असतां भिवंडी शांत राहिली. कलमें पूर्वींचींच होतीं. शेजारधर्म मात्र जागा झाला होता.

गाऱ्हाणें सरकारांत नेण्याची वाटही मोकळी आहे. ३५० व्या कलमाप्रमाणें कोणत्याही अधिकाऱ्याकडे आपल्या मराठींत अर्ज करितां येतो. त्यास वकिली इंग्रजीची गरज नाहीं.

बंधूंनो, आमचा शब्द राखण्यास एके काळीं परधर्मीय बंधु उभे राहिले. उद्यां शेजाऱ्याची प्रार्थना, सभा किंवा मिरवणूक अडविली गेली, तर आम्ही दार लावून घरांत बसणार काय? तसें केल्यास आमच्या हक्काची साक्ष देण्यास कोणी उरणार नाहीं. या ज्युबिलीचा निश्चय हाच असो, कीं जें स्वातंत्र्य आम्ही आपणांकरितां मागतों, तेंच दुसऱ्याकरितांही मागूं.