तुतीच्या पानापासून राज्याच्या तिजोरीपर्यंत

राज्याच्या उत्पन्नाचा हिशेब मांडताना शेती एका रकान्यात, कारखाने दुसऱ्यात आणि व्यापार-सेवा तिसऱ्यात जातात. कर्नाटकात शेती व संलग्न व्यवसायांच्या वाट्याला एकूण उत्पन्नाच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी भाग येतो. पण 2011 च्या जनगणनेनुसार याच राज्यातले जवळपास निम्मे कामकरी शेतकरी किंवा शेतमजूर होते. एवढ्या हातांच्या कष्टाचे मोल जाते कुठे, हे पाहायचे तर म्हैसूर जिल्ह्यातल्या टी. नरसीपूरला जावे.

इथे कबिनी कावेरीला मिळते. दोन्ही नद्यांवर वरच्या अंगाला धरणे आहेत. त्यांपैकी कृष्णराजसागराचे काम 1911 मध्ये सुरू झाले. खडकवासल्याला 1903 साली स्वयंचलित दरवाजे बसवणारे विश्वेश्वरय्याच या धरणाचे शिल्पकार. या धरणाचे पाणी शेताला हवे होतेच, शिवाय शिवनसमुद्रच्या वीजकेंद्रालाही हवे होते. 1902 पासून तिथली वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींना जात होती. पाटबंधारे आणि उद्योग एकाच पाण्यावर उभे राहिले.

या परिसरात भात आणि ऊस आहेत, तशी तुतीही आहे. तुतीचा पाला हे रेशीमकिड्याचे खाद्य. रेशीमकिड्याच्या अंड्यातून निघालेली अळी केसाएवढी असते. ती चार वेळा कात टाकते आणि सुमारे महिनाभरात कोष विणते. तिच्या एकूण खाद्यापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक पाला शेवटच्या अवस्थेतच संपतो. त्या आठवड्यात शेतकऱ्याच्या घराला रात्र-दिवस कळत नाही. पाला तोडायचा, ओला असेल तर सुकवायचा, घालायचा, खालची घाण काढायची. यातले बरेचसे काम बायकांच्या हातचे.

कोष विकले गेले की शेतीचा रकाना संपतो. पुढे टी. नरसीपूरच्या सरकारी फिलेचरमध्ये, म्हणजे सूत काढण्याच्या कारखान्यात, ते गरम पाण्यात शिजवतात, धाग्याचे टोक शोधतात आणि अनेक कोषांचे तंतू एकत्र घेऊन एक सूत काढतात. हा झाला उद्योग. महाराजा नलवडी कृष्णराज वडियार यांच्या काळात 1912 मध्ये म्हैसूरला रेशीम विणकाम कारखाना निघाला. 1980 पासून तो कर्नाटक रेशीम उद्योग महामंडळाकडे आहे. तिथे या सुताची साडी होते, दुकानात विकली जाते आणि तिच्यावर कर जमा होतो. ही नोंद व्यापाराची. सुरुवात मात्र तुतीच्या पानाने केली!

म्हणूनच शेतकऱ्याला बसलेला फटका शेतावर थांबत नाही. 2011-12 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कच्च्या रेशमावरचे आयातशुल्क 30 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आले. स्वस्त चिनी रेशमापुढे कर्नाटकात कोषांचे भाव कोसळले. 2013 मध्ये शुल्क 15 टक्के करावे लागले. विणकराला स्वस्त सूत हवे असते, ही अडचणही खरी आहे. पण तुतीची बाग एकदा उपटली की पुन्हा उभी करायला वेळ आणि भांडवल दोन्ही लागतात.

मराठवाड्याला रेशमाचे हे गणित परके नाही. म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेने काढलेला तुतीचा व्ही-1 वाण आज महाराष्ट्रातही लावला जातो. मात्र 2018 मध्ये जालन्यात कोष बाजार सुरू होईपर्यंत तिथले शेतकरी कोष घेऊन थेट कर्नाटकातल्या रामनगरच्या कोष बाजारात जात. कोष फार दिवस ठेवता येत नाही. आतला पतंग बाहेर पडताना तो फोडतो आणि धागा तुटतो. घाई विकणाऱ्याला असते आणि भाव घेणारा ठरवतो. जवळ बाजार आला की प्रवासखर्च वाचतो, भाव पटला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा येता येते. जिल्ह्याजिल्ह्यात असे बाजार, कोष वाळवण्याची सोय आणि सूत काढणारी केंद्रे उभी करणे राज्यांच्या हातात आहे, आणि त्यावरचा खर्च शेतीला दिलेले अनुदान न मानता उद्योगातली गुंतवणूक म्हणून मांडला पाहिजे.