विद्या आणि बँड
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात मारेगाव येथे केलेले भाषण)



गेल्या वर्षी याच संमेलनात आपल्यापुढे एक अर्ज आला होता. तबल्याच्या परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झालेल्या आपल्यांतील एका मुलाने पुढील शिक्षणासाठी साहाय्य मागितले होते. तो लग्नसराईत बँडमध्ये वाजवितो हे कळताच आपण अर्ज नामंजूर केला. विरोधात वर झालेल्या हातांत आमचाही हात होता. ज्याने विद्या रस्त्यावर नेली त्यास विद्यावेतन कशाला, असे आम्हीच बोललो होतो. त्या बोलण्याचा आम्हांस आज खेद वाटतो. तो का वाटतो, हे एका कलावंताच्या उदाहरणाने सांगावयाचे आहे.

ठुमरी-दादऱ्याच्या विख्यात गायिका शोभा गुर्टू आपणांस ठाऊक आहेत. बेळगावच्या शिरोडकर कुटुंबात १९२५ साली त्यांचा जन्म झाला. मातोश्री मेनकाबाई शिरोडकर या व्यावसायिक नर्तिका व जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका. स्वतः शोभाताईंना उस्ताद भूर्जी खाँ यांची तालीम लाभली. अशा घरात १९५१ साली मुंबईस त्रिलोक गुर्टू जन्मले. बालपणीच तबला हाती आला व शाह अब्दुल करीम यांच्याकडे रीतसर शिक्षण झाले. मुलगा आता बैठकीत साथ करील, अशीच कोणाचीही अपेक्षा असावयाची.

परंतु तरुणपणी त्यांना पाश्चात्त्य ड्रमची व जॅझ संगीताची ओढ लागली. तबकड्या ऐकून ते शिकू लागले. एकाच वादकाचे वादन निरनिराळ्या वेळी ध्वनिमुद्रित करून एकावर एक चढविता येते, हे त्यांना ठाऊक नव्हते. तबकडीवर ऐकू येणारे सर्व एकच मनुष्य एकाच वेळी वाजवितो, असे समजून ते तसेच वाजवावयास झटले! अज्ञानातूनही रियाज कसा घडतो, त्याचे हे मौजेचे उदाहरण होय.

पुढे ते युरोपात गेले. जर्मनीतील 'एम्ब्रियो' नामक निराळ्या वळणाच्या बँडबरोबर १९७७ च्या सुमारास त्यांनी वाजविले, आणि त्या ध्वनिमुद्रिकेत शोभाताईही गायल्या. ज्या मुलाला आपण वाट चुकलेला म्हटले असते, त्याच्या बँडमध्ये आई स्वतः जाऊन गायली, हे आपण ध्यानी घ्यावे.

अमेरिकेतील 'ओरेगॉन' या वाद्यवृंदात कॉलिन वॉलकॉट हे सतार व तबला वाजवीत. ते पंडित रविशंकर आणि उस्ताद अल्लारखाँ यांचे शिष्य. १९८४ साली पूर्व जर्मनीत मोटार अपघातात त्यांचा अंत झाला, आणि ती रिकामी जागा पुढे त्रिलोक यांनी भरून काढली. त्यानंतर जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या त्रयीतही ते होते. जमिनीलगत बसून, तबला व ड्रम एकत्र मांडून, झांज पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा स्वर पालटण्याची त्यांची रीत जगात नावाजली गेली.

१९८८ साली 'उस्फ्रेत' ही त्यांची पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका निघाली. तीत देशोदेशींचे वादक होते. आणि गावयास पुन्हा आईच होती. इतके बँड फिरून स्वतःच्या नावाने उभे राहण्याची वेळ आली, तेव्हा मुलाने घरचाच स्वर जवळ केला. शोभाताई २००४ साली निवर्तल्या. तो स्वर मुलाच्या ध्वनिमुद्रिकेत राहिला आहे.

बँडमध्ये जाणारा प्रत्येक मुलगा त्रिलोक गुर्टू होईल, असे आम्ही म्हणत नाही. चाळीस वर्षे फळ्यासमोर उभे राहिल्यावर असा भ्रम उरत नाही. परंतु पाया पक्का असेल तर बाहेरच्या संगतीने विद्या नासत नाही, एवढे यावरून दिसते. म्हणून मुलगा कोठे वाजवितो हे विचारण्यापूर्वी तो रोज गुरूपुढे बसतो की नाही, हे आपण विचारावयास हवे होते. आम्ही नंतर चौकशी केली. तो बसतो, आणि गुरूची फी लग्नाच्या बँडमधील मिळकतीतूनच देतो. ज्या कारणास्तव आपण साहाय्य नाकारले, त्याच कारणाने त्याची विद्या आजवर टिकली आहे.

तरी तो अर्ज पुनश्च विचारात घ्यावा, अशी सूचना आम्ही नम्रपणे मांडतो. या वेळी आमचा हात तिच्या बाजूने वर होईल.

जय हिंद!