फोटोत नसलेली मुले
(दिघी येथे शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज आम्हांस बोलावयास उभे केले, ते आम्ही फार शिकलो म्हणून नव्हे. वर्गात आमच्याहून हुशार मुले होती. त्यांतली काही येथे बसली आहेत, काही मुंबईस आहेत, आणि काहींना या मेळाव्याचे बोलावणेच गेलेले नाही. ते का गेले नाही, हेच आज सांगावयाचे आहे.

आम्ही १९९६ साली दहावीस बसलो. शाळा लहान, छप्पर कौलारू. पावसात गळू लागले की बाके भिंतीशी ओढावयाची आणि गुरुजींनी पावसावर आवाज चढवून भूमिती शिकवावयाची. इतिहासाच्या तासाला ते आम्हांस धक्क्यावर नेत व राजपुरी खाडीच्या तोंडाशी पाण्यात उभा असलेला जंजिरा बोटाने दाखवीत. हा सारा मुलूख १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता, हे आम्ही पुस्तकाआधी तेथे उभे राहून शिकलो.

हजेरीपट पाहिला तर त्यात गावची शेती व मासेमारी दोन्ही वाचता येत. आषाढात लावणी लागली की कुणब्या-आगऱ्यांची बाके रिकामी. नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात उतरल्या की कोळ्यांची बाके रिकामी. गुरुजी बांधावर येऊन विचारीत, 'उद्या तरी पाठवाल ना?' दुपारी तांदळाची भाकरी व जवळ्याची चटणी सगळ्यांच्या फडक्यांत एकच, त्यामुळे कोणाची जात कोणती हे जेवताना तरी कळत नसे.

कंपासपेटी वर्गात दोघांचीच. काटकोन काही केल्या आमच्या डोक्यात उतरेना. तेव्हा एका सुताराच्या मुलाने बापाचा गुण्या आणला, तो खिडकीच्या चौकटीला लावला आणि म्हणाला, 'हा काटकोन. हा चुकला तर दार लागत नाही.' त्या दिवसापासून आमच्यापैकी कोणाचा काटकोन चुकला नाही.

शेवटी सर्वांनी मिळून फोटो काढला. तो आज पुष्कळांनी बरोबर आणला आहे. त्यात किती डोकी आहेत? चौदा. पण आठवीच्या हजेरीपटावर नावे होती तेवीस. नऊ मुले गेली कोठे?

त्यांत पाच मुली होत्या. एकीच्या आईस बाळ झाले आणि ते सांभाळावयास हिला घरी ठेवले. ती तोंडी हिशेब करी तेव्हा आमच्या पाट्या कोऱ्याच असत. दोघींची लग्ने ठरली. उरलेल्या दोघींचे कारण आम्ही विचारलेच नाही. चार मुलांपैकी एक मामाबरोबर मुंबईस हॉटेलात कपबशा विसळावयास गेला, दोघे होडीवर गेले. आणि चौथा तो सुताराचा मुलगा. नववीत बापाचा हात यंत्रात सापडला आणि करवत पोराच्या हाती आली. ज्याने आम्हांस काटकोन शिकविला, तो या फोटोत नाही.

यात दोष कोणाचा? बापाचा म्हणावा तर घरात दाणा नव्हता. गुरुजींचा म्हणावा तर ते घरोघर हिंडत होते. दोष आमचाही आहे. आम्ही चौदा जणांनी एकदाही त्यांच्या अंगणात जाऊन 'चल' म्हटले नाही. बाक रिकामे झाले, तेव्हा ऐसपैस बसावयास मिळाले म्हणून आम्ही खूष झालो!

मायबाप हो, ही जुनी गोष्ट नव्हे. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे सांगितले की रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर जातो, आणि बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. शिक्षणाच्या हक्काचा कायदा त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, २००९ साली झाला. पण तोही सहा ते चौदा वर्षांपर्यंतचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. नववीच्या उंबरठ्यावर कायदा हात सोडतो आणि आमची मुले नेमकी तेथेच गळतात. त्यात २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार सरकारने मांडला. शाळा दूर गेली तर पहिली घरी बसते ती मुलगी, हे सांगावयास पंडित नको.

कोणी म्हणेल, दहावी होऊन कोणते दिवे लागले? तर ऐका. खलाशी म्हणून जहाजावर जावयाच्या शिक्षणास दहावी लागते. पोरगा पिढीजात दर्यावर्दी असला तरी दाखल्यावाचून त्यास तेथे कोणी उभे करीत नाही. समुद्र आमचा आणि कागद दुसऱ्याचा, हे किती दिवस चालावयाचे? ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारी आडव्या केल्या. नवी पोफळ फळास यावयास वर्षे जातात. तोवर ज्या घरात एक दाखला होता, त्या घराने तग धरला.

म्हणून आज नुसते हार घालून घरी जाऊ नये, अशी आमची विनंती आहे. दरवर्षी जूनमध्ये आठवी झालेल्या मुलांची यादी शाळेतून घ्यावी. जे नाव नववीत नसेल, त्या घरी आपल्यापैकी दोघांनी जावे, आणि त्यांत एक बाई असावी. अडचण एस.टी.च्या भाड्याची असेल तर मुलींना पास फुकट मिळतो, तो काढून द्यावा. वह्यांची असेल तर वह्या द्याव्या. घरात तान्हे मूल असेल तर शेजारणीने दोन तास सांभाळावे. याला सरकारचा हुकूम लागत नाही. आणि ज्यांचे वय निघून गेले, त्यांना सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीस बसता येते, हे त्यांना सांगावे. चाळिशीत परीक्षा देण्यात लाज नाही.

त्या नऊ जणांची नावे आम्ही या कागदावर लिहून आणली आहेत. पुढच्या मेळाव्याचे बोलावणे प्रथम त्यांच्या घरी जावे. त्या सुताराकडे आम्ही स्वतः जाणार आहोत. त्याची मुलगी यंदा आठवीत आहे.