रात्री दोनचा डॉक्टर



सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागाला आपल्याकडे सगळे ‘कॅज्युअल्टी’च म्हणतात. रात्री दोन वाजता तिथं कोण भेटतं? बहुतेक वेळा पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. मोठे डॉक्टर ‘ऑन कॉल’, म्हणजे घरी, फोनवर. जिथं सगळ्यात जास्त अनुभव लागतो, तिथंच सगळ्यात नवखा हात!

एमबीबीएसची साडेचार वर्षं संपली, की वर्षभराची सक्तीची इंटर्नशिप असते. त्यात कॅज्युअल्टीच्या वाट्याला येतात जेमतेम २ आठवडे. पुस्तक पाठ असतं; माणसं अजून वाचायची असतात. एकच उदाहरण देतो. मधुमेह असलेल्याला हृदयविकाराचा झटका आला, तरी कधी कधी छातीत दुखतच नाही. नुसता घाम येतो, मळमळतं, धाप लागते. पहिला ईसीजीसुद्धा चांगला निघू शकतो. नवखा डॉक्टर ‘ॲसिडिटी आहे’ म्हणून गोळी देऊन घरी पाठवेल. मुरलेला डॉक्टर पेशंटला थांबवून घेईल, थोड्या वेळानं पुन्हा ईसीजी काढील. हा फरक हुशारीचा नाही, डोळ्यांखालून गेलेल्या पेशंटांचा आहे.

काही बिनसलं, की आपण ‘शिकाऊ डॉक्टर’ म्हणून मोकळे होतो. कवी असल्यामुळं शब्द मला टोचतात, हा जरा जास्तच टोचतो. आजचा प्रत्येक नामवंत सर्जन कधीकाळी शिकाऊच होता. शिकणं हा गुन्हा नाही. शिकणाऱ्याला एकटं सोडणं हा गुन्हा आहे. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग काम साधारणपणे १२ तासांहून अधिक नसावं, आठवड्याला ४८ तास असावं, असं म्हटलं आहे. प्रत्यक्षात चोवीस-छत्तीस तासांच्या ड्यूट्या चालत आल्या. जागरणानं जड झालेल्या डोळ्यांना काय दिसणार?

मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात डोक्याला मार लागलेला रुग्ण आला. मेंदूचा शल्यविशारद तिथं नव्हता. ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरानं रुग्णाला दुसरीकडे न्यायला सांगितलं आणि नातेवाइकांनी त्यालाच बेदम मारलं. त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. अशा हल्ल्यांविरुद्ध राज्याचा कायदा २०१० पासून होता. पण रिकाम्या खुर्चीचा जाब खुर्चीत बसलेल्याला विचारला गेला.

जाब विचारायचाच, पण योग्य ठिकाणी. रात्रपाळीला वरिष्ठ डॉक्टर प्रत्यक्ष हजर का नाहीत, पदं रिकामी का, हे आमदारांना विचारावं, पालकमंत्र्यांना विचारावं. आणि त्या दारात उभे असाल, तेव्हा पेशंटजवळ एकानंच थांबावं. जुने कागद, चालू असलेल्या गोळ्या सोबत न्याव्यात. साखरेचा, रक्तदाबाचा त्रास न विचारता सांगावा. मग शांतपणे म्हणावं, “डॉक्टर, एकदा मोठ्या सरांना फोन करता का?” त्या प्रश्नानं पेशंटला आधार मिळतो आणि त्या मुलालाही. तोही त्या घडीला कुणाच्या तरी आधाराची वाट पाहत असतो.