आपटूनही न पडणारें यंत्र

पंख्यांवर उडणाऱ्या लहान यंत्राचा खरा वैरी म्हणजे भिंत. फिरतें पातें तिला निसटतें जरी लागलें, तरी यंत्र कोसळतें. टक्कर टाळावी, हा सरळ उपाय. पण अंधाऱ्या, पडक्या इमारतींत ती टळावी कशी?

स्वित्झर्लंडांत लोझान येथील तंत्रविद्यापीठांत आद्रियाँ ब्रियो व त्यांचे सहकारी यांनीं हा प्रश्नच उलटा केला. माशी काचेवर आपटते, सावरते, पुन्हां उडते. मग यंत्रानें तसें कां करूं नये? २०१३ सालीं त्यांनीं दोन पंख्यांचें यंत्र ३४ सेंटिमीटर व्यासाच्या जाळीदार गोलांत बसविलें. परंतु नुसत्या पिंजऱ्यानें भागत नाहीं. धक्क्यानें पिंजरा कलला कीं आंतील यंत्रही कलतें. म्हणून दोहोंमध्यें फिरतीं कडीं घातलीं. आतां गोल गरगरे, यंत्र मात्र ताठ राही! एकूण वजन अवघें ३७० ग्रॅम. रानांतील चांचणींत तें झाडांवर आपटत आपटतच पुढें गेलें.

२०१६ सालीं याच कल्पनेंतून चार पंख्यांचें ‘एलिओस’ निघालें. पुढें २०१९ च्या नमुन्यांत फिरतीं कडीं गेलीं, पिंजरा मात्र राहिला. ज्या प्रचंड टाक्यांच्या व बाष्पपात्रांच्या पोटांत तडे शोधण्यासाठीं माणसाला जीव मुठींत धरून परांचीवर चढावें लागे, तेथें आतां हा पिंजरा दिवा व कॅमेरा घेऊन शिरतो. आणि माणूस बाहेर सुखरूप उभा राहून पाहतो.